दाराजवळची सीट

ऑपरेटरबाईंचे यजमान ताडमाड उंच होते. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी आधी छताच्या पंख्याकडे बघायचे, मग घरधन्याकडे. गल्लीत त्यांना सगळे 'शिडी' म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं. उभी हयात त्यांनी एका बँकेच्या दारावर पहारेकरी म्हणून काढली. तिथे कधी चोर आला नाही. आला असता तर शिडीकाकांनी काय केलं असतं, हे त्यामुळे कधी कुणाला कळलं नाही, त्यांना स्वतःलाही नाही.

बाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. आवाज असा, की पलीकडच्या माणसाने फोन ठेवण्याआधी परवानगी मागावी.

मुलगा परदेशी. त्याच्याकडे जायचं म्हणजे विमान, आणि विमान म्हणजे जावईबापू. कारण मुलीच्या नवऱ्याचा धंदाच स्वस्त तिकिटांचा. आरशांच्या दुकानामागे त्याने एक काचेचा कप्पा भाड्याने घेतला होता. भिंतीवर निळाशार समुद्र आणि तीन देशांची वेळ दाखवणारी तीन घड्याळं होती. तिघांचंही आपसात पटत नव्हतं. जावईबापू मोठ्या एजंटकडून घाऊक तिकिटं उचलत आणि किरकोळीत विकत. "तिकीट माझं, सीट देवाची," असं ते गिऱ्हाईकाला हसत सांगत.

मागच्या खेपेला देवाने शिडीकाकांना शेवटच्या ओळीत, संडासाच्या भिंतीला टेकून, दोन गलेलठ्ठ माणसांच्या मधे बसवलं होतं. बाई कुठेतरी पुढे. काकांचे गुडघे पुढच्याच्या पाठीत रुतले, तेव्हा त्याने सीट आणखी मागे पाडली. उतरल्यावर गुडघे असे सुजले, की पहिल्या नातवाचं तोंड त्यांनी गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून पाहिलं.

बाहेरचा एजंट असता तर बाईंनी त्याला उभा-आडवा घेतला असता. पण जावई! तिकीट परत करता येतं, जावई कुठे परत करणार?

या वेळी मात्र त्या पदर खोचून काचेच्या कप्प्यात शिरल्या.

"जावईबापू, यांना पाय पसरता येतील अशी सीट हवी."

"आई, सवलतीच्या तिकिटावर सीट आधी मिळत नाही."

"मग काय, दांडीला धरून जायचं?"

"तसं नाही हो. विमान कंपनीला विचारा. त्यांच्या हातात असतं."

बाईंनी कंपनीला फोन लावला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमचं बुकिंग एजंटकडून आहे. एजंटलाच सांगा." शिवाय तिकिटावरून बाईंनी सांगितलेला बुकिंग नंबर जावईबापूंच्या दुकानाचा निघाला, कंपनीचा नव्हेच. बाई पुन्हा कप्प्यात. जावईबापू पुन्हा म्हणाले, कंपनीला विचारा. असं दोन-चारदा झालं. बाईंच्या लक्षात आलं, की हे दोघं आपल्याला चेंडूसारखं खेळवताहेत, आणि दोघंही एकमेकांशी कधीच बोलत नाहीत.

मग जे काम आयुष्यभर केलं तेच त्यांनी केलं. लेकीच्या मागे लागून कंपनीचा खरा बुकिंग नंबर काढून घेतला. घरच्या फोनवर कंपनीची मुलगी धरून ठेवली, मोबाइलवर जावईबापू धरले, दोन्ही फोन स्पीकरवर टाकून जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, "लाइन जोडली आहे. बोला."

कंपनीच्या मुलीने नंबर तपासला.

"सर, या प्रवाशांसाठी तुमच्याकडून सीटची मागणीच आलेली नाही. त्याच विमानात तुमच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला मात्र तुम्ही फोन करून दाराजवळची ओळ घेऊन दिलीय."

"कोण हो हे दुसरं गिऱ्हाईक?" बाईंनी विचारलं. आवाजात नुसती साखर.

"आहेत एक," जावईबापू म्हणाले. तेवढ्यात मागून त्यांच्या बायकोचा, म्हणजे बाईंच्या लेकीचा, आवाज आला, "फर्निचरवाले शेठ, दुसरं कोण!"

"आई, ते मोठं गिऱ्हाईक आहे..."

"असू दे की. त्यांना उठवायचं नाही. का गं पोरी, दार विमानाला एकच असतं का?"

"नाही मॅडम. समोरच्या दाराजवळच्या दोन सीट मोकळ्या आहेत. देऊ?"

"दे बाळा. जावईबापू, तुमची हरकत नाही ना?"

जावईबापूंची कसली हरकत! ते म्हणाले, "मी तेच सुचवणार होतो."

गल्लीत बाईंचा भाव एकदम वधारला. ज्यांचा विमानाशी संबंध फक्त आवाजापुरता होता, तेही खिडकी बरी की कडेची सीट बरी म्हणून सल्ला विचारू लागले.

निघायचा दिवस उजाडला. दाराजवळच्या ओळीत पुढे जागा एवढी, की चटई अंथरावी. काकांनी पाय लांब केले, आणि बाईंना धन्य वाटलं. मग एअरहोस्टेस आली आणि अदबीने म्हणाली, "काका, ही आणीबाणीच्या दाराजवळची सीट आहे. वेळ आलीच तर आम्हाला मदत कराल ना?"

काकांचे पाय आपोआप आत आले. पाठ ताठ झाली.

"म्हणजे दार माझ्याकडे?"

"तसंच समजा."

एवढं बोलून ती बिचारी गेली. ती सहज बोलली होती, पण काकांनी ते मनावर घेतलं. सूचनांचं कार्ड त्यांनी तोंडपाठ केलं. पट्टे सोडायची परवानगी मिळताच उठून ते दाराशी उभे राहिले, हात मागे बांधून. पाय मोकळे करायला आलेल्या लोकांना "इथं गर्दी नको" म्हणून परतवू लागले. संडासाच्या रांगेला त्यांनी वळण लावलं.

"अहो, बसा ना! एवढी भांडून सीट मिळवली ती काय उभं राहायला?"

"तू झोप. इथं कुणीतरी जागं पाहिजे."

समोरच्या दाराजवळ फर्निचरवाले शेठ बूट काढून, तोंड उघडं टाकून घोरत होते. काकांनी थोडा वेळ सहन केलं. मग जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावला.

"शेठ, दारावर आहात. झोपून कसं चालेल?"

शेठ दचकून उठले. "काय झालं? पडतंय का?"

"अजून नाही. पण पडलं तर?"

त्यानंतर शेठचा डोळा लागला की काकांचा हात त्यांच्या खांद्यावर. शेवटी शेठ बूट हातात घेऊन मागे गेले आणि संडासाजवळच्या एका रिकाम्या सीटवर अंग चोरून झोपले. बाईंनी मधला दांडा वर केला, दोन्ही सीटवर आडव्या झाल्या आणि लग्नानंतर प्रथमच पाय पसरून झोपल्या.

विमान उतरलं. एअरहोस्टेसने हसत आभार मानले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत बँकेत कुणी मानले नव्हते. गुडघे मागच्यापेक्षा जास्त सुजले होते, पण लंगडत चालतानाही माणूस खुशीत होता.

मुलाच्या घरी पोचून तासभर होतो न होतो तोच जावईबापूंचा फोन.

"आई, शेठ चिडलेत. म्हणतात, मला विमानाच्या पंखावर बसव, पण त्या पहारेकऱ्याबरोबर नको. परतीलाही तुम्ही एकाच विमानात आहात. काय करू? बाबांना दुसरीकडे बसवू का?"

बाईंनी वळून पाहिलं. काका बादलीत पाय सोडून मुलाला दार उघडायची पद्धत हातवारे करून समजावत होते. सून तोंडाला पदर लावून हसत होती.

"त्यांना दारापाशीच ठेवा," बाई म्हणाल्या. "आणि शेजारची सीट माझी. झोप फार छान लागते हो तिथे."