गवताखालचा बर्फ

टँकर डावीकडे कलला. मी हातातली झेंडी टाकली आणि पळाले. "दत्तादादा, उडी मारा, उडी मारा," मी ओरडत होते, पण तिथे धावताना दम कुठे पुरतो. घड्याळात चौदा चाळीस झाले होते. टँकर दमलेल्या म्हशीसारखा हळूहळू आडवा झाला आणि नाल्यात गेला. केबिन पाण्यात, चाकं वर.

मी रेडिओ उचलला.

"टँगो वन, गाडी पलटी. ड्रायव्हर अंदर. ओव्हर."

"कहाँ पलटी? लोकेशन बोल."

"मेरी झंडियों के बीच में, साब."

मी मिलिटरी पोलिसात होते. लालबागची. आई तिथेच बाजारात मासे विकते. दहावी झाले, पुढे शिकले नाही, मुलींची भरती निघाली आणि गेले. पोस्टिंग लडाख, ट्रॅफिक पोस्ट. येणारी गाडी थांबवा, नंबर लिहा, सोडा. रस्त्याच्या बाजूला हिरवंगार कुरण, मध्ये डबकी, डबक्यांत बदकं. पलीकडे नाला. बाकी सगळा दगड.

दत्तादादा हुद्द्याने नाईक, साताऱ्याकडचे. रोज पोस्टवर पाण्याचा टँकर आणायचे.

"काय लालबाग, आज बोंबील काय?"

"आधी पाणी उतरवा, मग बोंबील."

"हवालदार साब, हिला रस्त्यात उभी करून नुसतं बोलायला लावा. गाड्या आपोआप थांबतील."

त्या दिवशी पहाटे दरड आली, रस्ता बंद. साडेसहाला हवालदार साब म्हणाले, "कुरणातून डायव्हर्जन टाक. जमीन चेक करके झंडी लगा. दोपहर में फिर चेक करना."

मी चेक केलं. जसं मला येतं तसं. लहानपणी आईबरोबर शिवडीच्या चिखलात शिंपल्या काढायला जायचे ना, तिथे पुढे काठी खुपसायची. आत गेली की मागे फिरायचं. खट्ट वाजली की खाली खडक, बिनधास्त पाय ठेवायचा. इथे काठीऐवजी लोखंडी खुंटा होता. वीतभर गेला आणि खट्ट. पुढे पण खट्ट. नाल्याच्या काठापर्यंत खट्ट. मी झेंड्या लावत गेले.

"ग्राउंड ओके, साब."

सकाळी चार गाड्या आरामात गेल्या. दुपारी मी परत चेक नाही केलं. ऊन होतं, काम होतं, ते सगळं खरं. पण मनात एकच होतं, खडक काय दुपारी हलतो?

मी कमरेपर्यंत पाण्यात उतरले. पाय आहेत की नाही तेच कळेना. खिडकीतून त्यांचा हात बाहेर होता, तो धरला. त्यांनी पण धरला, घट्ट. मग सैल झाला. मी नाही सोडला. पंधरा वाजून बारा मिनिटांनी पोस्टवरच्या पोरांनी त्यांना बाहेर काढलं.

नंतर रस्त्याच्या कामावरचे म्हातारे स्टान्झिन चाचा आले, चिखलात हात घालून म्हणाले, "नीचे बर्फ है, बेटी. बारह महीने. ऊपर का पानी जाएगा कहाँ?" सकाळी वीतभर खालीच सगळं गोठलेलं असतं, दुपारी त्याची लापशी होते. मी तोच खुंटा तिथेच खुपसला. हातभर आत गेला, मग खट्ट. तो खडक नव्हताच.

इन्क्वायरीत मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांच्या घरी गेलेल्या पत्रात फक्त वाहन अपघात लिहिलं होतं.

मग लग्न झालं, दिवस राहिले, नोकरी सोडली. बाळ आता पाच महिन्यांचं आहे. दत्तादादांच्या आईंचा मला फोन येतो. कोणीतरी त्यांना फक्त हात धरल्याचं सांगितलंय. "तू होतीस म्हणून माझा दत्तू एकटा नव्हता गं," म्हणतात. मी हो आई म्हणते आणि बाळ रडतंय सांगून फोन ठेवते. बाळ झोपलेलं असतं.

उद्या त्या येतायत. बाळाला झबलं शिवलंय त्यांनी, स्वतःच्या हाताने. नवरा म्हणतो, "गप्प बस. म्हातारीकडे तेवढंच उरलंय, ते पण काढून घेणार का?" आधी झेंड्यांचं सांगितलं तर बाळाला मांडीवर घेतील का? आणि मांडीवर घेतल्यावर मी कुठल्या तोंडाने सांगू?

नाईक दत्ता. वय एकतीस. गाडी चालवताना बेसूर गायचे, टँकरच्या आधी त्यांचा आवाज पोस्टवर पोचायचा. मी त्यांचा हात धरला होता, ते खरंय. झेंड्या मी लावल्या होत्या, ते पण खरंय. तुम्ही असता तर काय केलं असतं?