एका घमेल्यात ओतलेली माती

वामनकाका आज सकाळी गेले आणि दुपारी त्यांच्या लॅबच्या साहेबांची पोस्ट वाचून माझं डोकं फिरलं.

"आमचे मार्गदर्शक हरपले," म्हणे.

साहेब, याच मार्गदर्शकाच्या मातीच्या पिशव्या तुम्ही एका घमेल्यात ओतायला लावल्या होत्या. बातमीसाठी आलेला मी तिथंच उभा होतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: काका माती तपासणीच्या लॅबमध्ये अटेंडंट. शनवारा चौकातल्या कुल्फीवाल्याकडून जुना डबा आणि बर्फ घ्यायचे, लुनाला बांधून जसोंडी गावाला जायचे. मातीतले जिवाणू लॅबपर्यंत जिवंत पोचले पाहिजेत म्हणून.

त्या दिवशी तिथल्या रंजनाताईंच्या केळीच्या बागेतून तीन पिशव्या आणल्या. ड्रिपखालची, दोन ओळींमधली, बांधावरच्या चवळीखालची.

"एका शेताच्या तीन कशाला, काका?" मी विचारलं.

"भाऊ, तुमच्या गल्लीतले सगळे सारखे आहेत का? चवळीच्या मुळाशी हवेतला नायट्रोजन पकडणारे जिवाणू राहतात. ड्रिपखाली युरियाचं नायट्रेट करणारे. ते नायट्रेट मग पाण्यासोबत खाली विहिरीत. अन् ड्रिपखालचे नायट्रोजन पकडणारे बसून खातात. आयतं भेटल्यावर मेहनत कोण करतो?"

युरिया नेमका कुठं कमी करायचा, एवढंच ताईंना हवं होतं.

साहेबांना माती-कार्ड वाटपाच्या मोहिमेसाठी संध्याकाळपर्यंत रिपोर्ट हवा होता.

"एक शेत, एक कार्ड. मिक्स करो."

काका म्हणाले, "साहेब, घरातल्या तिघांचं रक्त एका बाटलीत घेऊन ताप कोणाला ते सांगाल का?"

सगळे हसले.

मग पिशव्या ओतल्या.

कार्ड आलं: पूर्ण बागेला एकच डोस, युरिया वाढवा. युरिया आहेच तर चवळी कशाला, म्हणून ताईंनी विश्वासानं चवळी उपटली.

अन् ती "यशस्वी मोहिमे"ची बातमी मीच माझ्या पेपरात छापली. डेडलाइन होती. पिशव्यांबद्दल एक ओळ लिहिली नाही.

पुढच्या वर्षी काकांनी स्वतः बियाणं नेऊन बांधावर चवळी लावली. तेव्हापासून ड्युटी संपल्यावर ताईंच्या तिन्ही पिशव्या वेगळ्या तपासायचे. गुपचूप. चोरी केल्यासारखं.

आज तापीच्या घाटावर, काकांना निरोप देताना, रंजनाताई भेटल्या. हातात काकांसारखाच कुल्फीचा डबा.

"भाऊ, काकांनी आजच माती घेऊन बोलावलं होतं. माती काढून झाल्यावर कळलं. बर्फ वितळतोय. कोणाला देऊ?"

 मी डबा घरी आणला. फ्रिजमध्ये आहे, दुधाच्या पातेल्याशेजारी.

साहेब, फुलं राहू द्या. उद्या लॅब उघडली की मी डबा घेऊन येतोय. तीन पिशव्या, तीन रिपोर्ट. मिळेपर्यंत तिथंच बसेन, आणि या वेळी सगळं लिहीन.

काका, तुम्ही निर्धास्त जा आता.

घमेल्याला हात लावू देणार नाही.