समजा, दहा लाख आहेत

स्टाफरूममध्ये किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. चहाच्या उष्ट्या कपांसारखे ते आपोआप साचतात! आमच्या नांदेडच्या शाळेतले निम्मे तर एकट्या गायकवाड सरांचे. सर गणिताचे. "समजा" म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्यच सुरू होत नाही. कँटीनवाल्यालाही सांगणार, "समजा, दोन चहा."

तो बिचारा विचारायचा, "समजू का आणू?"

*

एकदा दहावीला सरांनी गणित घातलं. एकाकडे दहा लाख. काही बँकेत सात टक्क्यांनी, बाकीचे पतसंस्थेत दहा टक्क्यांनी. वर्षाचं व्याज ब्याऐंशी हजार. तर बँकेत किती?

मागून एक मुलगी उठली. "सर, सगळेच दहा टक्क्यानं का ठेवंना तो?"

"ठेवले असते तर तुला गणित कुठून आलं असतं? बस खाली!"

*

मग एक दिवस पतसंस्थेचा एजंटच आला. "दहा टक्के, सर! डोळे झाकून ठेवा."

"समजा, पैसे तुमच्या सासऱ्याचे आहेत. सगळे इथंच ठेवाल?"

"न्हाई सर, थोडे बँकेत टाकीन. बायकोला तोंड दाखवायचं हाय!"

*

सर रिटायर झाले आणि हाती बरोबर दहा लाख आले. वर्गातलाच आकडा! पण धाकट्या मुलीला, पूजाला, डॉक्टर व्हायचं होतं. लातूरचा क्लास, होस्टेल, मेस धरून वर्षाला एक लाख दहा हजार. घरखर्चाला पेन्शन होती, पण मुद्दलाला हात लावायचा नाही, असं वहिनींनी बजावलेलं.

निरोपाच्या दिवशी सरांनी स्टाफरूमच्या फळ्यावर तेच गणित मांडलं, व्याज एक लाख दहा हजार धरून. सगळे दहा टक्क्यांनी ठेवले तरी लाखच सुटत होते. बँकेची रक्कम आली उणे! सरांनी सवयीनं खाली लिहिलं, "रक्कम ऋण नसते, म्हणून हे उत्तर वगळू." आणि खडू धरून तसेच उभे राहिले. उत्तराबरोबर पूजाचं लातूरही वगळलं जात होतं. आम्हाला फार वाईट वाटलं.

*

संध्याकाळी मी त्यांना घरी सोडायला गेलो. सगळं ऐकून वहिनी म्हणाल्या, "होस्टेल कशाला? मी जाते की पोरीसंगं. एक खोली करू, घरचं खाईल."

सरांनी खर्च पुन्हा मांडला. ब्याऐंशी हजार! म्हणजे बँकेत सहा लाख, पतसंस्थेत चार. पूजा उड्याच मारायला लागली. सरांनी पडताळाही घेतला. "आलं! बरोबर आलं!"

"लई छान," वहिनी म्हणाल्या. "अन् इथं तुम्हाला भाकरी कोण थापणार?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"समजा," ते म्हणाले, "मी पण आलो."