मी माती धुतली तो दिवस

चहा घ्या, पण घोट गिळून मग ऐका. मागच्या वेळी एकाच्या नाकातून बाहेर आला होता. तर, मी माती धुतली. हो हो, माती! साबण तेवढा लावला नाही.

बायको गेल्यापासून मी तेलंगणात, आदिलाबादच्या घरात एकटाच. लेक ज्योती मंचेरियलला नर्स. बाबाला सोबत हवी म्हणून तिनं मासे ठेवायला काचेची मोठी पेटी घेऊन दिली. तळाला घालायची खास माती कुरिअरनं आली, काळे गोल दाणे. सकाळी तिचा फोन.

"बाबा, मी मासे घेऊन दुपारच्या बसनं निघते. पाचपर्यंत येते. माती पसरवून पाणी भरून ठेवा. पिशवीत मासे जास्त वेळ टिकत नाहीत, बरं का!"

आता आमच्या घरी बाजारातली वस्तू धुतल्याशिवाय आत येत नाही. ही तर चक्क माती! घमेल्यात ओतली आणि ज्वारी चोळावी तशी चोळली. पाणी काळं. ओतून दिलं, पुन्हा चोळली. आणखी काळं! म्हटलं, काय घाण विकतात हे लोक! घरची टाकी संपली, तरी पाणी काळंच. नळ येणार दुसऱ्या दिवशी.

बादली घेऊन शेजारच्या सुलोचनावहिनींकडे गेलो.

"काऊन भाऊ, एवढं पानी? काय हाय घरी?"

माती धुतोय, हे कोणत्या तोंडानं सांगू? माझा बाप जन्मभर बेला गावी काळ्या मातीत राबला! म्हटलं, "काही नाई वहिनी. ज्योती येऊन राह्यली संध्याकाळी, म्हणून जरा..."

"आन् तिच्यासंगं कोन?"

"ते... मागून सांगतो."

संपलं! आमच्याकडे मुलगी पाहायला कोणी येणार असलं की बाप आधी बोलत नाही. जमलं तर पेढे, फिसकटलं तर मूग गिळून गप्प. वहिनींनी माझं गप्प बसणं वाचलं, आणि साफ चुकीचं वाचलं.

तासाभरात गल्लीतून सात बादल्या आल्या. मग चार खुर्च्या आल्या. मग सतरंजी! समोरच्या लक्ष्मीअम्मा पुलिहोऱ्याचा डबा घेऊन आल्या आणि कानाशी म्हणाल्या, "फिकर नको अन्ना, मैं किसी को नई बोलती." काय बोलत नाही, ते मला कळेना. पण चिंचेचा भात छान होता.

आणि घमेल्यात? दाणे गायब. नुसता चिखल!

पाच वाजता ज्योती आली. हातात पिशवी, तिच्यात चार केशरी मासे. दारात सतरंजी आणि ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या सहा बायका.

"बाबा, मला न विचारता पोरगं बोलावलं काय?"

"कोणतं पोरगं?"

"मंग पाहुने कुठं हायेत?" वहिनींनी विचारलं.

मी घमेल्याकडे बोट दाखवलं आणि सगळं सांगून टाकलं. बायका हसून हसून सतरंजीवर बसल्या. ज्योतीनं कपाळावर हात मारला. "ती धुवायची नसते बाबा! पिशवीवर लिवलं हाय ना!" मग तिनं माशांकडे पाहिलं. एक जण आडवा होत होता. "आता हे मरतीन ना," ती हळूच म्हणाली.

हसणं थांबलं. वहिनी उठल्या. "अम्मा, तुमच्या बांधकामाची चाळलेली रेती हाय ना? आना!"

नदीची रेती आली. सहाही जणी पदर खोचून बसल्या आणि तांदूळ रोळावेत तशी त्यांनी ती रोळली. परात हलकेच फिरवायची, गढूळ पाणी वरच्या वर ओतून द्यायचं. मोजून चार पाण्यांत पाणी नितळ! पेटीत रेती पडली, बादल्यांत उरलेलं पाणी पडलं, नळाचं पाणी माशांना सोसावं म्हणून आणलेलं औषध ज्योतीनं थेंब थेंब टाकलं. पिशवी थोडा वेळ तरंगत ठेवून तिनं मासे सोडले. आडवा झालेला सरळ झाला आणि काचेशी येऊन आम्हा सगळ्यांकडे बघू लागला.

खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरले. ऐन उन्हाळ्यात स्वतःच्या घरचं पाणी दिलं, चांगल्या साड्या भिजवल्या, तेही एका म्हाताऱ्याच्या चार माशांसाठी! अशा गल्लीत माणूस एकटा कसा राहील? एकेकीपुढे जाऊन मी हात जोडले.

फक्त मागच्या गल्लीत माशांची गोष्ट अजून कोणी खरी मानत नाही. परवा तिथले एक गृहस्थ भेटले. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मनाले लावून नका घेऊ भाऊ. पाहुन्याइले पोरगी पसंत होती म्हन्तेत. बाप पाहून वापस गेले."