हॅगिसमधलं मीठ

एडिनबरातलं माझं पहिलं वर्ष. स्कॉटलंडचा राष्ट्रीय सण असलेल्या सेंट अँड्र्यूज डेला शेजारच्या मार्गारेटबाईंनी मला जेवायला बोलावलं. नवरा गेल्यानंतरचा त्यांचा हा पहिला सण. ताटात हॅगिस होतं, म्हणजे मेंढीचं काळीज, फुप्फुस आणि ओट. वास थेट आमच्या कोल्हापूरच्या वजडीचा! सोबत कुस्करलेला बटाटा आणि थोडी व्हिस्की.

"मीठ बरोबर आहे?" त्यांनी विचारलं.

"अगदी बरोबर."

त्या हिरमुसल्या. "तो दर वर्षी कमी आहे म्हणायचा."

एकट्या माणसाला कौतुक करणारे भेटतात. हक्कानं नावं ठेवणारं कुणी उरत नाही. माझं तरी कुठे होतं इथे? मी आणखी एक घास घेतला. "खरं तर किंचित कमीच आहे."

त्या लगबगीनं मीठ आणायला उठल्या. ते खारट ताट मी सगळं संपवलं.