सासू-सुनेचा बैल

माझं माहेर दापोडीचं. रेल्वेच्या रुळांना लागून असलेल्या गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या. वडील कारखान्यात होते आणि आई घरी मशिनवर ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवायची. मला शिवणकाम येतं ते तिच्यामुळे. बैल मात्र मी लांबूनच पाहिलेले. लग्न होऊन चाकणजवळच्या गावात आले तेव्हा सासऱ्यांच्या गोठ्यात पांढरी खिलार जोडी होती. तिच्या मागून जायची वेळ आली की मी भिंतीला पाठ लावून सरकत जायचे. सासऱ्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. ते मला बघून म्हणायचे, "पोरी, तो तुला बघत बी न्हाई. त्याचं लक्ष वैरणीकडं हाय."

पुढे रस्त्याकडचं रान एका गोदामाला भाड्यानं गेलं आणि गोठ्याच्या जागी आम्ही भाडेकरूंसाठी खोल्या बांधल्या. बैलांना काम उरलं नाही. आबांनी जोडी विकली नाही, वर मावळात त्यांच्या मेहुण्याकडे दिली. तिथे अजून भातखाचरं आहेत. "विकलं न्हाईत, दिलं," हे ते विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही सांगत.

आमच्याकडे पोळा भाद्रपदातल्या अमावस्येला असतो. जोडी गेल्यानंतर सासूबाई पाटावर मातीचे बैल मांडून पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायच्या. आबा मात्र संध्याकाळी मिरवणुकीचा ताशा ऐकू यायच्या आत कुठेतरी निघून जायचे.

त्या वर्षी माझी मुलगी तिसरीत होती. तिला मातीच्या बैलांऐवजी स्वतः केलेला बैल पाटावर ठेवायचा होता. मी नाक्यावरच्या भंगारवाल्याकडून पुठ्ठ्याचं खोकं आणलं आणि आम्ही दोघी ओटीवर बसून कापू लागलो. आबा चहा पीत बसले होते. बराच वेळ त्यांनी दुसरीकडे बघितलं. मग त्यांना राहवलं नाही.

"ही शेळी हाय का?"

"बैल आहे, आबा," मुलगी म्हणाली.

"मग वशिंड कुठं हाय त्याचं?"

तिनं पुठ्ठ्याचा एक त्रिकोण चिकटवला. आबांनी कप खाली ठेवला. "असं टोकदार नसतं बाळा, ते देवळाचं शिखर झालं. आन मान एवढीशी? ह्या मानेवर जू कसं बसंल?" ते येऊन आमच्यात बसले. त्यांना हवी तेवढी मान काढायची तर पुठ्ठा पुरेना. मी म्हणाले, मग मोठंच खोकं आणू. ते म्हणाले, आणायचंच तर चांगलं आणा.

अशा रीतीनं पाटावरचा बैल वाढत वाढत खऱ्या बैलाएवढा झाला. भंगारवाल्याकडे कंपन्यांमधून आलेले मोठाले पुठ्ठे असतात, गाडीचं दार मावेल एवढे. नवऱ्यानं ते मोटरसायकलवर आडवे बांधून आणले. मांडववाल्याकडून बांबूच्या कामट्या मिळाल्या. त्या वाकवून आबांनी सुतळीनं पोटाचा सांगाडा बांधला. मी त्यावर जुन्या पांढऱ्या चादरी शिवून चढवल्या. डोकं पुठ्ठ्याचं, वर्तमानपत्रांचे कागद खळीत बुडवून त्याच्यावर थर दिलेले. शिंगांच्या आत जाड तार. वशिंडासाठी मुलीची लहानपणची उशी कामाला आली. गळ्याखालची लोंबती पोळी मला जमेना, तेव्हा परकराची झालर उसवून ती चुण्या घालून लावली आणि आबांनी पहिल्यांदा मान डोलावली.

डोळ्यांवर मात्र वाद झाला. मी बूटपॉलिशच्या डब्यांची काळी झाकणं बसवली होती.

"हा काय बैल न्हाई," आबा म्हणाले. "ह्याला कुणीतरी आत्ताच रागं भरलंय."

मग मी पांढऱ्या कापडाच्या पापण्या करून झाकणांवर अर्ध्यापर्यंत ओढल्या. आबा दोन पावलं मागं जाऊन बघत राहिले. "आता कसा रवंथ करतोय," ते म्हणाले आणि आतून ट्रंक ओढून आणली. तीत जुन्या जोडीची झूल, घुंगरमाळ आणि शिंगांच्या पितळी शेंब्या होत्या. चिंच लावून त्यांनी शेंब्या घासल्या. मुलीनं शिंगांना लाल हिंगूळ फासला, थोडा स्वतःच्या फ्रॉकलाही.

हे सगळं चालू असताना सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन बघून जात. त्यांचं आणि माझं भांडण कधीच नव्हतं, पण गप्पाही नव्हत्या. दूध आलं का, गॅस संपत आलाय, एवढंच आमचं बोलणं. मला वाटायचं, शहरातून आलेली सून घरात पसारा करून बसलीये असं त्यांना वाटत असणार.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. बैलांच्या खांद्यांना हळद आणि तूप चोळतात, उद्या जेवायला या म्हणून आवतण देतात. आबांनी वाटी आणली आणि आमच्या बैलाच्या मानेला हळद-तूप चोळायला सुरुवात केली. तूप कापडातून पुठ्ठ्यात उतरलं, पिवळा मोठा डाग पडला. इतक्या दिवसांची मेहनत, माझ्या अगदी तोंडावर आलं होतं की राहू द्या आबा. पण ते त्याच्या कानाशी वाकून काहीतरी बोलत होते. सकाळी उजेडात पाहिलं तर त्या डागामुळेच मान खरी वाटत होती.

मिरवणुकीत बैलाच्या आत शिरून पुढे माझा नवरा आणि मागे त्याचा चुलत भाऊ चालणार, असं ठरलं होतं. दोघं एकाच कंपनीत, फर्स्ट शिफ्टला. दुपारी सुटून येणार होते. मी चटणी वाटत होते तेव्हा फोन आला.

"अगं, पुढच्या शिफ्टची माणसं आली नाहीत. लाइन बंद ठेवता येत नाही म्हणतात. आम्हाला दोघांनाही थांबवलंय."

"मग बैलाचं काय?"

"आबांना तूच सांग," म्हणाला आणि फोन ठेवला.

आबा नवं धोतर नेसून, डोक्याला फेटा बांधून ओटीवर बसले होते. हातात कासरा. मी सांगितलं. ते म्हणाले, "असू दे. कंपनीपुढं काय चालतं?" आणि फेट्याची गाठ सोडायला लागले.

मला ते बघवलं नाही. "मी शिरते पुढे," मी म्हणाले. "आतला माणूस दिसत नाही. कुणाला कळणार आहे?"

"आन मागं?"

मी भाडेकरूंपैकी कुणाला विचारावं याचा विचार करत होते, तेवढ्यात सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "मी हाय की मागं," त्या म्हणाल्या.

आबा त्यांच्याकडे बघतच राहिले. "अगं, गुडघं दुखत्यात ना तुझं?"

"दळण आणाया जाती तवा न्हाई इचारत कधी," सासूबाई म्हणाल्या. आबांनी फेट्याची गाठ पुन्हा घट्ट केली.

आम्ही दोघींनी आबांचे पांढरे लेंगे घातले. सासूबाईंनी आयुष्यात साडीशिवाय दुसरं काही नेसलेलं नव्हतं. त्या खोलीतल्या खोलीत चालून बघत होत्या. "पोरी, पायाला निस्ता वारा लागतोय," म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावायला गेल्या, तर पदर नव्हता. आम्हाला दोघींना हसू फुटलं. इतकी वर्षं एका घरात राहून आम्ही एकत्र अशा हसल्याचं मला आठवत नव्हतं.

आत शिरलो. मी बैलाचं डोकं धरलं, सासूबाईंनी वाकून माझ्या कमरेला धरलं. मला गळ्यापाशी ठेवलेल्या फटीतून रस्ता दिसायचा, त्यांना फक्त माझी पाठ. मुलगी पुढे चालत खड्डे सांगत होती. आबांनी कासरा धरला आणि अंगणातून निघताना सवयीनं जीभ टाळ्याला लावून चुचकारलं. आम्ही दोघीही त्या आवाजावर चालायला लागलो.

वेशीपाशी सगळी मिरवणूक जमली होती. खऱ्या बैलजोड्या मोजक्याच राहिल्या होत्या. बाकी ट्रॅक्टर होते, झेंडूच्या माळा घातलेले. आमचा बैल आला तसा पोरांनी एकच गलका केला. कुणीतरी म्हणालं, "आबा, बैल कुठल्या बाजारातनं आणला?"

"घरचाच हाय," आबा म्हणाले. त्यांचा आवाज मला आत ऐकू आला. तसा ऐटीचा आवाज मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

ताशा सुरू झाला. आत उकडत होतं, खळीचा आणि तुपाचा वास येत होता. थोडं चालल्यावर मागून सासूबाईंचा आवाज आला, "कुठवर आलो गं?"

"पिठाच्या गिरणीपाशी."

"आता डावीकडं वळून मारुतीला जायाचं का?"

"तुम्हाला माहीत नाही का, आई?"

"मला कसं ठावं असंल? पोळ्याला आमी बाया दारात उभ्या. बैल आलं की पाय धुवायचं, ओवाळायचं, पोळी द्यायची. बैल कुठनं कसं जात्यात ते मी लगीन झाल्यापासनं बघितलं न्हाई." जरा थांबून त्या म्हणाल्या, "आज तरी कुठं दिसतंय म्हणा. तुझी पाठच हाय समोर."

मला चालता चालता थांबावंसं वाटलं. मी हळू आवाजात त्यांना सगळं सांगू लागले. आता सरपंचांचं घर आलं, गच्चीवर पोरी उभ्या आहेत, इथे रांगोळी मोठी आहे, जपून पाय टाका. त्या मधेच विचारायच्या, कुणी कुठली साडी नेसलीये, कुणाच्या दारात गर्दी जास्त आहे. मी सांगायचे. त्या खुसुखुसू हसायच्या आणि त्यांचं हसणं माझ्या पाठीला कळायचं.

मारुतीच्या देवळापाशी एक खरा बैल आमच्या शेजारी आला. फटीतून मला त्याची ओली नाकपुडी दिसली आणि लग्नानंतरची ती भिंतीला पाठ लावणारी मी लगेच जागी झाले. त्यानं आमची झूल हुंगली. पुन्हा हुंगली. मग जीभ काढून आमच्या मानेवरचं तूप चाटायला लागला. डोकं माझ्या हातात हिंदकळत होतं.

"आई, हा चाटतोय."

"चाटू दे. हलू नकोस," मागून उत्तर आलं.

आबांनी त्याच्या कपाळावर हात ठेवून त्याला बाजूला केलं. सगळे लोक हसत होते. आमच्या बैलाच्या मानेचा कागद मात्र थोडा निघून आला होता.

परतताना एका दारात आबांच्या चुलत बहिणीनं आम्हाला थांबवलं. त्या गावात सगळ्यांच्या आत्या. त्यांनी रीतीप्रमाणे बैलाच्या पायांवर पाणी घातलं, आधी माझ्या, मग मागे जाऊन सासूबाईंच्या. आणि तिथेच तांब्या धरून उभ्या राहिल्या.

"बाई गं," त्या म्हणाल्या, "ह्या बैलाच्या पायात जोडवी हायती."

मग त्यांनी खाली वाकून चादर उचलली आणि सासूबाईंकडे बघितलं. "वहिनी, तू?"

"व्हय, मीच," सासूबाई आतून म्हणाल्या. "पोळी आणली असली तर दे. पुढच्या पायांना बी दे, सकाळपासनं उपाशी हायती."

मला वाटलं आता गावात चर्चा होणार, आबांना बोल लागणार. पण आत्यांना हसून हसून उभं राहवेना, त्या उंबऱ्यावरच बसल्या. चादरीखालून पुरणपोळी आत आली, तुपात थबथबलेली. आम्ही दोघींनी बैलाच्या पोटात उभं राहून ती अर्धी अर्धी खाल्ली. उरलेल्या वाटेवर आम्ही चादर वर बांधून टाकली. सासूबाई ताठ झाल्या, डोकं बाहेर काढून इकडेतिकडे बघत चालल्या. दारादारातल्या बायका त्यांना हाक मारत होत्या आणि त्या लेंग्यातल्या लेंग्यात प्रत्येकीला उत्तर देत होत्या. आबा पुढे कासरा धरून, मागे वळून न बघता चालले होते. पण त्यांचे खांदे हलत होते.

नवरा घरी आला तेव्हा सासूबाई गुडघ्यांना तेल लावत बसल्या होत्या. तो म्हणाला, "पुढच्या वर्षी मी आधीच रजा टाकतो."

"टाक की," त्या म्हणाल्या. "स्वयंपाकाला माणूस लागंलच."

त्या दिवसानंतर आमच्या गप्पा थांबल्याच नाहीत. आता भाजी निवडताना त्या मला गावातल्या एकेका घराची कहाणी सांगतात आणि मी त्यांना दापोडीच्या गल्लीतल्या.

बैल आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये प्लास्टिक घालून ठेवला. मान दुरुस्त केली. पुढच्या पावसाळ्यात, श्रावण संपत आला तेव्हा, खोल्यांमध्ये राहणारी लातूरकडची एक बाई दारात आली. तिच्या कडेवर लहान मूल होतं. आबांसमोर बोलायला ती लाजत होती.

"आबा, आमच्याकडं पोळा श्रावणातल्या अमावस्येला असतो," ती म्हणाली. "इथं आल्यापासून केलाच नाही. लेकरांनी बैल बघितलाच नाही. तुमचा बैल एक दिवस देता का?"

आबा उठून शेडमध्ये गेले, प्लास्टिक काढलं, शिंगं हलवून बघितली, घुंगरमाळ कानापाशी नेऊन वाजवली. मग तिला म्हणाले, "न्या. पण उन्हात उभा करू नका. आन रस्त्याच्या कडंनं न्या, कंटेनर लई जोरात येत्यात."

"बरं," ती म्हणाली.

"मागचा माणूस बुटका बघा," सासूबाई आतून ओरडून म्हणाल्या, "न्हाईतर कंबर धरती."