सापकांद्याची ओटी

वारूळवाडीत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मोटार कशानं जळाली ते मी वासावरून सांगतो. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की चहा संपवून उठणारा मी माणूस... तरी हे लिहितोय.

आईला विचित्र झाडांचा लई नाद. गच्चीवर किडे खाणारी झाडं, कुजका वास मारणारी फुलं, आणि मामानं शिनोलीहून दिलेला सापकांदा — पावसाळ्यात त्याला फणा काढलेल्या नागासारखं फूल यायचं. कुणाला रोप दिलं तर आई आधी त्याच्या मुळाशी तांदूळ आणि हळकुंड ठेवायची. म्हणायची, "लेक चालली, वटी नको व्हय?"

उन्हाळ्याच्या तोंडाला वडील गेले. काकू म्हणाली, "घरात सापाची फुलं लावल्यावर दुसरं काय व्हनार?" सापकांदा मामाला परत द्यायचा म्हणून मी खुरपं घेतलं. कंद उकरला, त्यात खुरप्याची खाच पडली. आईनं मुठीत तांदूळ आणले. काकूनं तिचा हात धरला.

"वयनी, आता तुमी वटी नाय भरायची."

आईनं तांदूळ परत डब्यात टाकले. त्या दिवसापासून ती बोलायची बंद झाली. वाढलं तर जेवायची. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या.

कंद मी मामाकडे दिला, त्यानं परसात लावला. कुंडी धुऊन गच्चीवर पालथी घातली.

पुढे भर उन्हात टाकी बघायला वर गेलो, तर पालथ्या कुंडीच्या भोकातून फणा वर आलेला. कुंडी उचलली. खाली कोरडा स्लॅब, माती नाही, आणि कंद. त्यावर माझ्याच खुरप्याची खाच.

मामाला फोन लावला. त्यानं परसात जाऊन उकरून पाहिलं.

"आत कायबी न्हाई रं."

"साळिंदरानं नेला असंल."

"मग माती उकरलेली नसती का दिसली? वर जशीच्या तशी व्हती."

भीती वाटायला हवी होती. नाही वाटली. वडील गेल्यापासून मला काहीच वाटत नव्हतं.

कंद खाली नेऊन आईसमोर ठेवला. तिनं खाचेवरून बोट फिरवलं.

"रिकामी धाडली व्हती," आई म्हणाली. "तांदूळ आण."

काकू दारातच उभी होती. आईनं ओटी भरली. कंद पुन्हा शिनोलीला गेला आणि तिथंच राहिला, पावसात फुललाही.

मातीशिवाय तो कसा उगवला, आला कसा... मला अजून सांगता येत नाही. आई आता बोलते, थोडंथोडं. आणि आमच्या घरात तिचा हात कुणी धरत नाही.